पावसाळाभर कॅम्पर व्हॅन उभी ठेवताय? मग बॅटरी आणि उंदीर यांचा विचार एकत्रच करा

नाशिकमध्ये आता कॅम्पर व्हॅनवाले बऱ्यापैकी दिसायला लागलेत. कुणी ट्रॅव्हलरवर बॉडी बांधून घेतलीय, कुणी जुन्या स्कूल व्हॅनमध्ये बेड आणि ओटा बसवलाय, २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून तर जो तो चौकशी करतो की बाबा खर्च किती येतो. खर्चाचं सगळे विचारतात, पण गाडी उभी कुठे आणि कशी ठेवायची हे कुणी विचारत नाही. जून लागला, पाऊस सुरू, पोरांच्या शाळा सुरू, की गाडी जाते दिंडोरीकडच्या नाहीतर गिरणाऱ्याकडच्या शेतावरच्या शेडमध्ये, कडब्याच्या शेजारी, आणि निघते ती थेट दिवाळीला. मग चावी फिरवली की एकतर नुसता टक टक आवाज, नाहीतर गाडी सुरू होते पण मीटरवर चार दिवे पेटलेले आणि एसी लावला की असा वास येतो की उतरून पळावं.

बॅटरी उतरली म्हणून आपण बॅटरीवाल्याकडे जातो, उंदरांनी वायर खाल्ली म्हणून वायरमनकडे. दोन वेगळी दुखणी म्हणून. पण दोन्हीचं मूळ एकच, गाडी एका जागी गप उभी आहे, आणि खरी गंमत पुढे आहे, एकावर केलेला उपाय बऱ्याचदा दुसऱ्याला आमंत्रण देतो. चार्जर लावून ठेवला तर त्याची केबल उंदराला जिना होते. उंदीर नको म्हणून गाडी गच्च झाकली तर वरचं सोलर बंद. म्हणून दोन्ही एकदमच समजून घेऊ.

आधी बॅटरी. साध्या लेड ॲसिड बॅटरीत आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे फुल चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. बरेच लोक मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजायचं ते छोटं यंत्र) १२.० बघून खूश होतात की बारा व्होल्टची बॅटरी आहे, बारा दाखवतेय, बरोबर आहे. अहो १२.० म्हणजे जेमतेम पाव शिल्लक आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे संपली. आणि हे मोजायचं गाडी बंद करून किंवा चार्जर काढून काही तास झाल्यावर, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण चार्जर काढल्या काढल्या मोजलं तर आकडा फुगलेला येतो. सीलबंद बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो त्याच्यावर विसंबू नका, तो सहापैकी एकाच सेलची अवस्था सांगतो. आणि इन्व्हर्टरच्या ट्यूबलर बॅटरीवरचे ते लाल-हिरवे दांडे तर चार्जिंगचे नाहीतच, ते आतल्या पाण्याची पातळी दाखवतात.

आता उभी असताना बॅटरी उतरते कशी? दोन वाटा. एक म्हणजे ती स्वतःच आतल्या आत थोडी थोडी उतरते, चांगली बॅटरी २५ डिग्रीला महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के, आणि दर १० डिग्री तापमान वाढलं की हा वेग अंदाजे दुप्पट होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय तापतं ते सांगायला नको. तिकडे परदेशातले व्हिडिओ बघून लोक थंडीची काळजी करतात, आपल्याला काळजी उन्हाची करायचीय. निफाडला पारा कितीही घसरला तरी चार्ज असलेली बॅटरी तेवढ्याने मरत नाही.

दुसरी वाट मोठी आहे. गाडी लॉक केली म्हणजे ती झोपली असं नसतं. सेंट्रल लॉक, इमोबिलायझर म्हणजे चोरीविरोधी लॉक, स्टिरिओची मेमरी, जीपीएस ट्रॅकर, ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, हे सगळे थोडा थोडा करंट खातच असतात. आजकालच्या गाडीत ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतंय असं धरतात. ऐकायला काहीच नाही, पण हिशोब करा, दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात), महिन्याला ३६. बॅटरी ९० अँपिअर-अवरची असेल तर महिन्यात चाळीस टक्के गेली, वरून तिचं स्वतःचं उतरणं वेगळं. दोन महिन्यांत ती स्टार्टर फिरवायच्या लायकीची राहत नाही आणि आपण ठेवतोय चार-पाच महिने.

बरं, उतरली तर उतरली, परत चार्ज करू, असं नाही ना होत. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं, पण तसंच आठवडेच्या आठवडे पडून राहिलं तर कडक होतं, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर क्षार बसतो ना, तसं, आणि मग कितीही चार्जिंग द्या ती जागा कामाला येत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. म्हणजे बॅटरी खराब होते ती उतरल्यामुळे नाही, उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यामुळे.

उपाय साधा आहे, फुल चार्ज करा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. दहा नंबरचा पाना पुरतो बहुतेक गाड्यांना. आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची, कारण निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं. रोज रोज पाना नको असेल तर कट-ऑफ स्विच बसवून घ्या, द्वारका किंवा मुंबई नाक्याकडचा कुठलाही बरा ऑटो इलेक्ट्रिशियन बसवून देतो. एक लक्षात ठेवा, धूर साफ करायला वेगळं युरियाचं पाणी भरावं लागतं अशी बीएस-६ डिझेल असेल तर इंजिन बंद केल्या केल्या बॅटरी तोडू नका, थोडी मिनिटं थांबा, त्या सिस्टिमचा पंप पाइपमधला युरिया मागे खेचत असतो. आणि बॅटरी तोडली की रिमोट चालणार नाही, म्हणून दरवाज्याची साधी चावी लागते का ते आधी बघून ठेवा.

आतल्या घरची बॅटरी म्हणजे लाइट, पंखा, फ्रिजवाली, तिची गोष्ट जरा वेगळी. इथे सगळ्यात मोठा चोर इन्व्हर्टर. काहीही लावलेलं नसताना नुसता ऑन ठेवलेला मोठा इन्व्हर्टर एक अँपिअरच्या आसपास सहज खातो, म्हणजे दिवसाला २४, म्हणजे १०० ची बॅटरी चार दिवसांत खलास. गॅस डिटेक्टर, यूएसबी सॉकेटवरचा तो निळा दिवा, पाण्याच्या पंपाचा स्विच, सगळं बघा. ट्यूबलर असेल तर ठेवण्याआधी डिस्टिल वॉटर बघा, प्लेटा बुडलेल्या हव्यात, पण वरच्या खुणेपर्यंत भरायचं ते चार्ज झाल्यावर, आधी भरलं तर चार्जिंगला ॲसिड वर येऊन सांडतं. आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि विडी-काडी लांब.

लिथियमवाल्यांनी मात्र उलटं करायचं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी फुल भरून उन्हात ठेवली की लवकर म्हातारी होते, तिला निम्म्यावर ठेवा, ५०-६० टक्के, आणि तोडून ठेवा. ती महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते. टक्के मात्र ॲपवर बघा, व्होल्टेजवर नको, कारण हिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, ३० टक्के आणि ७० टक्के यांच्यात मीटरला फारसा फरक दिसत नाही. ती अगदी खाली गेली तर आतली बीएमएस, म्हणजे बॅटरीला सांभाळणारं सर्किट, दार बंद करून घेते, मीटर शून्य दाखवतो, साधा चार्जर पण तिला ओळखत नाही, आणि लोक समजतात मेली. बऱ्याचदा मेलेली नसते, लिथियमला जागं करणारा चार्जर लावला की उठते, म्हणून भंगारात द्यायच्या आधी एकदा दाखवून घ्या.

आता आपल्याकडचा सगळ्यात लाडका उपाय, "दर रविवारी जाऊन दहा मिनिटं गाडी चालू करून येतो." काका मंडळींचा तर हा नेमच असतो. याने बॅटरीचं फारसं भलं होत नाही, गाडी उभ्या उभ्या चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो) अर्धवटच चार्ज करतो आणि उतरलेली बॅटरी दहा मिनिटांत भरत नाही. वर इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये ओल जाते, आणि बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठत जाते ती वेगळीच. आणि उंदरांचं म्हणाल तर पावसाळ्यात तुम्ही त्यांना दर रविवारी गरम खोली करून देताय. चालवायचीच असेल तर महिन्यातून एकदा नीट चालवा, त्र्यंबकला जाऊन या, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, इंजिन तापतं, टायर फिरतात, आणि गाडी हलली की आत कुणी संसार मांडायला सुरुवात केली असेल तर तो पण मोडतो.

छतावर सोलर आहे म्हणून निश्चिंत राहणारे पण आहेत. शेडखाली सोलर शून्य. ताडपत्रीखाली शून्य. उघड्यावर असेल तरी जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसतो कधी, आणि पॅनेलवर धूळ-चिखलाचा थर. सोलर आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर स्वतः पण थोडं खातो. शिवाय बहुतेक गाड्यांत ते सोलर आतल्या बॅटरीला जोडलेलं असतं, इंजिनच्या बॅटरीला नाहीच.

राहिला स्मार्ट चार्जर. हा उपाय चांगला आहे, बॅटरी भरली की तो १३.५ ते १३.८ वर येऊन नुसता धरून ठेवतो. साधा जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर महिनाभर लावून ठेवू नका, तो पाणी उकळवून टाकेल. शेतावरच्या लाइनवर व्होल्टेज वरखाली होतं, तेही बघा. पण हा चार्जर लावायचा म्हणजे बाहेरून केबल आत आली, केबलसाठी खिडकी बोटभर उघडी राहिली, आणि इथून पुढचा अर्धा लेख सुरू होतो.

उंदराला बोटभर फट लागतच नाही. घरातला छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून, म्हणजे ६ मिलिमीटरमधून आत येतो, मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. काळा उंदीर तर चढण्यात पटाईत, केबल, दोरी, टायर, काहीही चालतं त्याला. आपल्याकडे पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की शेतातले उंदीर कोरडी जागा शोधत निघतात, आणि शेडमध्ये कांदा चाळ, मका, कडबा, आणि शेजारी आपली गाडी. खाणं तिकडे, राहणं इकडे. पोटुशी मादी तीन आठवड्यांत विते, छोट्या उंदराची पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालायला तयार, म्हणजे जूनमध्ये एक जोडी शिरली तर दिवाळीपर्यंत आत किती पिढ्या होतात बघा. शेडमध्ये चिचुंद्री दिसली तर मात्र घाबरू नका, ती उंदीर नाहीच, किडे-झुरळं खाणारी बाई आहे, वायरीला दात लावायला तिला सवड नाही.

वायर खातात का, तर खात नाहीत, कुरतडतात. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, मोठ्या उंदराचे वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर, दातांची पुढची बाजू कडक आणि मागची मऊ, म्हणून ते कुरतडताना आपोआप धार लागत जाते. आजकालच्या वायरच्या प्लास्टिकमध्ये सोयाबीन असतं म्हणून उंदीर येतात असं सगळीकडे ऐकू येतं, अमेरिकेत या मुद्द्यावर गाडी कंपन्यांवर दावेसुद्धा झाले, पण उंदीर सोयाबीन यायच्या कितीतरी आधीपासून वायरी तोडतायत. त्यांना हवी असते कोरडी, अंधारी, कुणी न हलवणारी जागा, आणि ती गाडीत भरपूर आहे. बॉनेटखालचा तो काळा फोम, एअर फिल्टरचा डबा, डिझेल टाकीच्या वरची सपाट जागा, एसीच्या ब्लोअरचं घर, सीटखाली, ओट्याच्या ड्रॉवरमागे. एका मित्राच्या गाडीचा एअर फिल्टर बॉक्स उघडला तेव्हा आत मुठीएवढं घरटं, बॉनेटचा फोम बारीक पिंजलेला, त्यात कांद्याची सालपटं, टॉयलेट पेपर, आणि पडद्याची झालर. फिल्टरला आरपार भोक. म्हणजे त्यांनी आतलं आणि बाहेरचं दोन्ही सामान आणलं होतं, याचा अर्थ लिव्हिंगमधून इंजिनपर्यंत वाट होती. तीच वाट आपल्याला शोधायचीय.

वाट शोधायची सोपी युक्ती, रात्री आतले सगळे दिवे लावा आणि खाली आडवं होऊन बाहेरून बघा, नाहीतर दिवसा आत अंधार करून उजेड कुठून येतो ते बघा. गॅसचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, चार्जिंग केबलची जागा, हँडब्रेकची केबल, बॉडी बांधणाऱ्याने वायर टाकायला मारलेलं आणि विसरलेलं भोक. हे शेवटचं हमखास सापडतं. बुजवायला नुसता फोम मारू नका, तो ते आवडीने पोखरतात. पाव इंची जीआय जाळी कापून स्क्रूने बसवा, बारीक भोकांत जाळीचा बोळा आणि वरून सिलिकॉन. भांडी घासायचा तारेचा चोथा पण चालतो पण पावसात गंजतो आणि वीज वाहून नेतो, म्हणून फ्यूज बॉक्स आणि टर्मिनलच्या आसपास तो नको. गॅसच्या कप्प्याचं खालचं हवेचं भोक मात्र बंद करायचं नाही हां, गॅस गळला तर तिथून बाहेर जाणार असतो, त्याला नुसती जाळी. चार्जरसाठी खिडकी उघडी ठेवण्यापेक्षा बाहेर झाकणाचा सॉकेट बसवा, आणि केबल जमिनीवरून सरळ वर न नेता तिच्यावर पत्र्याची गोल चकती घाला, जहाजाच्या दोराला घालतात तशी.

आतून खाण्याचं सगळं काढा. सगळं म्हणजे सगळं, चहाची साखर, कुत्र्याचं खाणं, साबण, मेणबत्ती पण. पेपर नॅपकिन काढा. गाद्या उभ्या करून ठेवा, कपाटं-ड्रॉवर उघडे टाका, म्हणजे गुबगुबीत अंधारा कोपराच राहत नाही. गाडी शक्यतो कोब्यावर किंवा पेव्हर ब्लॉकवर, भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून, आणि कडब्यापासून जितकी लांब जमेल तितकी. आणि चारी बाजूंनी रांगोळीची पातळ पट्टी ओढून ठेवा. पीठ नको, पीठ खाऊन जातील. सकाळी पावलं दिसली की कळतं कुठून येतात आणि कुठल्या टायरवर चढतात, कॅमेरा बिमेरा काही लागत नाही.

घरगुती उपायांबद्दल बोललंच पाहिजे कारण प्रत्येकाकडे एक असतो. इंजिनमध्ये तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, पेपरमिंट, फिनेल. वास उग्र असतो तोवर थोडाफार उपयोग, आठवड्यात वास उडतो आणि उंदीर सरावतो. डांबरगोळ्या तर आत झोपायच्या जागेत अजिबात नको, त्याची वाफ आपल्यालाच बाधते आणि गाद्यांतून वास जात नाही. आवाज करणारी ती अल्ट्रासॉनिक यंत्रं, यांच्याबद्दल २००१ मध्येच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने साठच्या वर कंपन्यांना आणि विक्रेत्यांना पत्रं पाठवून सुनावलं होतं की दावे करताय तर पुरावे ठेवा. सुरुवातीला उंदीर बिचकतात, मग सवय होते, आणि काही यंत्रं गाडीच्या बॅटरीवर चालतात, म्हणजे बॅटरी वाचवायला निगेटिव्ह काढायची की हे चालवायला ठेवायची? त्यातल्या त्यात तिखटाला अर्थ आहे. मिरचीतला कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडाला झोंबतो, पक्ष्यांना झोंबत नाही, म्हणून पोपट मिरच्या खातो आणि उंदीर टाळतो. होंडाची तर कॅप्सेसिन लावलेली वायरवर गुंडाळायची टेपच मिळते. घरच्या मिरचीपुडीचा स्प्रे पहिल्या पावसाच्या ओलीतच धुऊन जातो आणि पुढे ब्लोअर लावल्यावर ठसका आपल्याला लागतो.

विष गाडीत ठेवू नका. ब्रोमॅडिओलोनसारखी विषं रक्त गोठू देत नाहीत, उंदीर खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी मरतो, आणि तोवर तो जाऊन बसलेला असतो तुमच्या प्लायच्या पॅनेलच्या मागे. पॅनेल उचकटल्याशिवाय तो वास जात नाही. बाहेर मेला तर घुबड नाहीतर कुत्रा-मांजर खातं आणि त्यांनाही बाधतं, आणि शेतावर उंदीर खाणारं घुबड म्हणजे फुकटचा रखवालदार. पिंजराच बरा. पण पिंजरा गाडीच्या आत नको, आतल्या भज्याच्या वासाने बाहेरचे येतात. बाहेर, भिंतीच्या कडेला लावा, कारण उंदीर मिशा भिंतीला लावत कडेकडेने पळतो, मोकळ्या मैदानातून जात नाही. मोठा उंदीर नवीन वस्तूला चार दिवस शिवत नाही, म्हणून आधी पिंजऱ्याचा चाप न लावता आत नुसतं भजं ठेवत जा, तो निर्धास्त खायला लागला की मग चाप लावा. आणि रोज बघायला कुणीतरी हवं. जमत नसेल तर लावूच नका.

निगेटिव्ह काढण्याचा अजून एक फायदा इथे येतो. उंदराने दोन वायरींचं प्लास्टिक सोललं आणि त्या एकमेकींना किंवा बॉडीला टेकल्या तर बॅटरी जोडलेली असेल तेव्हा ठिणगी पडू शकते, घरटं म्हणजे सुका कापूसच, आणि शेजारी डिझेलचा रबरी पाइप. बॅटरी तोडलेली असेल तर हे होत नाही. अर्धवट सोललेली वायर कधीकधी शॉर्ट न होता ओलीमुळे थोडा थोडा करंट गळवत राहते, मग नवी बॅटरी टाकली तरी आठवड्यात उतरते आणि आपण बॅटरीवाल्याशी भांडतो. शंका असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि तिच्या केबलच्या मध्ये जोडा, दरवाजे बंद करा, गाडी झोपायला अर्धा तास द्या, आणि एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघा. ज्या फ्यूजला पडला त्या लाइनवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटर जाईल.

दिवाळीला गाडी काढताना थेट चावी नाही मारायची. आधी काठीने बॉनेट वाजवा, कारण उंदीर जिथे तिथे धामण आणि नागोबा येतात, हात घालण्याआधी टॉर्च मारा. मग एअर फिल्टर, बेल्ट, डिझेल आणि ब्रेकचे पाइप, खाली कुठे थेंब पडलेत का. लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, आणि धूळ नाकात जाते ती वेगळी. हातमोजे, मास्क, ब्लीचचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा आणि ओल्या फडक्याने पुसा. केबिन फिल्टर काढून बघितल्याशिवाय ब्लोअर लावू नका. मग बॅटरी जोडा, एक मिनिट नुसतं उभं राहून बघा, धूर, वास, फ्यूज उडणं काही नाही ना. फ्यूज उडाला तर मोठ्या नंबरचा किंवा तारेचा तुकडा घालून काम भागवायचं नाही, तो उडाला म्हणजे पुढे वायर उघडी आहे. तुटलेली वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक, नुसती काळी टेप उन्हाने सुटते, आणि एकमेकींभोवती पिळलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर वायरमनला सांगा की त्या तशाच पिळलेल्या ठेव, त्या सेन्सर आणि ईसीयूच्या बोलण्याच्या वायरी असतात, सरळ केल्या की मीटरवर परत नको ते दिवे. गाडी सुरू झाली की टर्मिनलवर मीटर लावा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दाखवत असेल तर अल्टरनेटरच्या वायरी शाबूत आहेत.